कंपनी वाढवली

आमच्या घरात कधी काही फुटलं नाही, संपलं नाही, विझलं नाही. बांगडी वाढायची, मंगळसूत्र वाढायचं, डब्यातले तांदूळ वाढायचे, आणि झोपताना देवापुढचा दिवा वाढवायचा. लहानपणी मी एकदा मोठ्यांदा ओरडले, "आई, साखर संपली!" तर तिने येऊन पाठीत धपाटाच घातला. "संपली काय गो? वाढली म्हणावं. वास्तू ऐकत असते. तथास्तु म्हणेल." भिंतींना कान असतात असं सगळे म्हणतात. आमच्या भिंतींना तोंडपण होतं, आणि ते कधी उघडेल याचा नेम नव्हता.

तेव्हा आम्ही वर्तकनगरला राहायचो, वसाहतीतल्या बिल्डिंगमध्ये, सगळ्यात वरच्या मजल्यावर. बाबा कोलशेतला रंगाच्या कंपनीत होते. नाव सांगत नाही. कंपनीच राहिली नाही तर नाव कशाला. सायकलने जायचे. आज कुठला रंग निघाला ते त्यांच्या नखांच्या कडांवरून कळायचं. कितीही घासलं तरी शर्टाला एक वास असायचा, गोडसर आणि डोकं धरणारा. आम्हाला तो बाबांचाच वास वाटायचा.

मी एफ.वाय.ला होते. अर्थशास्त्र घेतलेलं. आमच्या अख्ख्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे सांगितलं की लोकांना वाटतं, आता ही थोडा विनय दाखवेल. मला तो जमत नाही. पहिली म्हणजे पहिली. त्या दिवसांत वर्गात 'आर्थिक वाढ' शिकवत होते आणि मी घरी आल्यावरही तेच बडबडत असायचे. अशातच एकदा बाबा भर दुपारी घरी आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं नारळाचं अर्धं भकल.

आई म्हणाली, "आज लवकर?"

"वाढवली."

"काय वाढवली?"

"कंपनी. कंपनी वाढवली."

मी पुस्तक टाकून उठले. "म्हणजे एक्स्पान्शन? बाबा, नवीन प्लांट टाकतायत?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. मग पाय धुवायला मोरीत गेले आणि बराच वेळ नळ चालू राहिला. आईने भकल घेतलं आणि ते कुठे ठेवावं हे तिला समजेना, इतकं की ती ते हातात धरून उभीच राहिली. मला हे सगळं दिसत होतं, तरी दिसलं नाही. मी गॅलरीत गेले. शेजारच्या काकू पापड उलटत होत्या.

"काकू, बाबांची कंपनी वाढवली!"

काकूंचा हात थांबला. "अगं बाई... कधी?"

"आजच! आता बाबांना प्रमोशनपण मिळेल बघा."

त्यांनी माझ्या गालावरून पिठाचा हात फिरवला. "हो गं बाळा. देवाला काळजी." एवढंच बोलून आत गेल्या. मला वाटलं, जळल्या.

दुकानदार रात्री दुकान वाढवतो म्हणजे ते बंद करतो, हे मला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. पण मी पुस्तकातून आलेले. पुस्तकात वाढ म्हणजे वाढ. आणि घरात मला दुरुस्त करायला कुणी तयार नव्हतं, कारण दुरुस्त करायचं तर तो शब्द तोंडातून काढावा लागणार, आणि भिंती ऐकत होत्या. मी मात्र कॉलेजात, वाण्याकडे, जिन्यात, जो भेटेल त्याला सांगत सुटलेले. मोठी माणसं ऐकून गप्प व्हायची आणि तरुण माणसं अभिनंदन करायची. आपल्या बोलीत नेमकी कुठे भेग पडलीय ते तेव्हाच मोजता आलं असतं.

वारा खाडीकडून असला की कंपनीचा भोंगा आमच्या गॅलरीपर्यंत यायचा. एका दुपारी वारा होता, कपडे नुसते फडफडत होते, आणि भोंगा आला नाही. बाबा आत पलंगावर बसलेले. सायकल खाली उभी. तेव्हा मला कळलं. मी आत जाऊन काही विचारलं नाही. मीही त्याच घरातली.

त्यानंतर आमच्या दारावर थाप पडायला लागली. आधी त्याच काकू आल्या, हातात टोप. "वालाचं बिरडं केलेलं. जरा जास्तच झालंय, घ्या." मग खालच्या मजल्यावरून घावणे आले. "पीठ जास्त भिजलं हो." मग कुणाच्या गावाहून तांदूळ जास्त आले, कुणाच्या मुलाची वह्या-पुस्तकं जास्त झाली. त्या बिल्डिंगमध्ये कुणाकडेच काही जास्त नव्हतं. सगळे महिन्याच्या वीस तारखेला चाचपडणारे. पण एकानेही 'मदत' हा शब्द उच्चारला नाही आणि आईने एकदाही 'नको' म्हटलं नाही. पुढे बाबांनी एका शाळेत शिपायाची नोकरी धरली, मी शिकवण्या घेत एम.ए. केलं. आज मी डोंबिवलीला कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. पण बाबांच्या तोंडून 'कंपनी बंद पडली' हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. ते म्हणायचे, "कंपनी होती तेव्हा." किंवा, "कंपनी वाढवली त्या वर्षी."

गेल्या वर्षी मी कोलशेतला घर घेतलं. कंपनी होती त्याच जमिनीवर. मला माहीत होतं, आणि मी ते मुद्दामच घेतलं. ज्या गेटवर संध्याकाळी बाबांच्या डब्याची झडती व्हायची, त्या गेटातून ते घरमालकिणीचे वडील म्हणून आत यावेत, असं माझ्या मनात होतं. इकडे वर्तकनगरची बिल्डिंग पाडून नवीन बांधणार होते. घरं रिकामी करायला सांगितलेलं. आईचे गुडघे गेलेले, जिना चढताना ती प्रत्येक मजल्यावर देवाचं नाव घ्यायची. नव्या घरी लिफ्ट, चोवीस तास पाणी, खिडकीतून खाडी. सगळी गणितं सुटलेली होती. प्रश्न एकच राहिला, बाबा तिथे राहतील का?

वास्तुशांतीला ते आले. चपला काढून दारातच उभे राहिले. गुरुजी तरुण, घाईत. त्यांना पुढे घोडबंदरला दुसरी पूजा होती. त्यांनी बाबांच्या हातात नारळ दिला. "आजोबा, तुम्ही मोठे. उंबऱ्यावर नारळ वाढवा."

बाबा नारळ धरून उभे. शेंडीवर बोटं फिरवत.

"आजोबा, वाढवा."

"मी इथं एकदा वाढवलाय," बाबा म्हणाले.

"सकाळी वाढवलात का? मग हरकत नाही, दुसरा घेऊ."

नातेवाईक हसले. मामा म्हणाला, "भावोजी, एका घराला किती नारळ?" बाबांनी नारळ माझ्या नवऱ्याच्या हातात दिला आणि जाऊन सोफ्याच्या अगदी कडेवर टेकले, परक्याच्या घरी बसतात तसे. नारळ नवऱ्याने वाढवला. एका फटक्यात दोन सारखी भकलं झाली; सगळे म्हणाले, शुभ आहे. पंगत बसली, मी बाबांना पान वाढलं, ते मुकाट जेवले. ऊन उतरल्यावर त्यांनी पिशवी उचलली.

"चल गो," ते आईला म्हणाले.

"अहो, आता इथंच ना? सामान आलंय आपलं."

"तू ऱ्हा."

"आणि तुम्ही?"

"मी ऱ्हायन तिकडं. बिल्डिंग काय उद्या पाडत नाहीत."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बाबा, हे घर मी कुणासाठी घेतलं?" ते म्हणाले, "घर बरं आहे. पाणी बरं आहे." आणि रिक्षाने निघून गेले.

आई राहिली, पण राहिली म्हणजे काय. दुसऱ्याच दिवशी ती बेडरूमच्या भिंतीला नाक लावून उभी दिसली. भिंतीचा रंग अजून ताजा होता. "हा तुझ्या बाबांचा वास," ती म्हणाली. मी म्हटलं, "आई, नव्या रंगाचा वास सगळीकडे सारखाच येतो." ती म्हणाली, "तेच म्हणतेय मी." आमच्या मजल्यावर अजून कुणी राहायला आलेलं नव्हतं. बाकी दारांना प्लास्टिक तसंच. तरी एके दिवशी कॉलेजातून आले तर तिने विचारलं, "या मजल्यावर पुरुषमाणसं बरीच आहेत काय गो? दुपारी बोलत होती. डबे उघडल्यासारखे आवाज येत होते." मी वॉचमनला फोन लावला. वर कुणीच नव्हतं. सुतारांना आत सोडायलाही अजून सुरुवात झाली नव्हती. आईला मी सांगितलं, सुतार होते.

हे चाललेलं असतानाच कॉलेजात एक चर्चासत्र ठरलं. विषय भारदस्त: राष्ट्रीय संस्कृती, आर्थिक वाढ आणि जीवनमान. माझ्यावर एक भाषण आलं. स्टाफरूममध्ये आमचे एक सर आहेत, निवृत्तीला आलेले, डोंबिवलीच्या जुन्या शिकलेल्या घरातले. तीन पिढ्या पदवीधर. त्यांना विषय कळल्याबरोबर ते खुर्ची वळवून बसले.

"मॅडम, अगदी मुळावर बोट ठेवा. आपल्या समाजात वृत्तीच नाही. माझा मुलगा जर्मनीत आहे. तिथे मीटिंगमध्ये साहेबाच्या तोंडावर सांगतात, हे चुकलं, हे बंद करा. आपल्याकडे काय? बघू. होऊन जाईल. काळजी नको."

"सर, काल प्राचार्यांनी परीक्षेचं काम दिलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणालो?"

"बघतो म्हणालात."

सगळे हसले. तेही हसले. "अहो, तीच तर संस्कृती!"

मी हसले खरी, पण सर निम्मे बरोबर होते आणि ते मला घरी येईपर्यंत टोचत राहिलं. मोडलेल्याला मोडलं म्हणता येत नसेल तर दुरुस्त काय करणार? बाबांच्या कंपनीत वरच्यांनी 'जरा मंदी आहे' म्हणायचं, खालच्यांनी मान डोलवायची. मग काही देश भराभर पुढे जातात आणि आपल्या इथे चालती कंपनी एका दुपारी नारळ होऊन घरी येते, यात नवल कसलं? एवढं मी लिहून काढलं आणि तिथेच अडले. कारण 'जास्त झालंय' म्हणणारी माणसंही तीच होती. त्यांनीही खरं बोलणं टाळलंच की. ते जर तोंडावर सांगणारे असते, तर म्हणाले असते, "तुमच्याकडे आता खायला नाही, हे घ्या." त्या घासाने आई मेली असती. राष्ट्राच्या वाढीत ते बिरडं कुठल्या रकान्यात मांडायचं ते मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. माझ्या नव्या इमारतीत कुणाचंच काही जास्त होत नाही. सगळं ॲपवरून मोजून येतं, आणि जेवढ्यास तेवढं संपतं. होय, संपतं. तिथे सगळे 'संपलं' म्हणतात आणि कुणाला काही होत नाही.

रविवारी मी वर्तकनगरला गेले. बिल्डिंग जवळजवळ रिकामी झालेली. काकूही गेल्या होत्या, मुलाकडे. जिन्यात पायांखाली प्लास्टरचे तुकडे. बाबांनी दार उघडं ठेवलेलं, आत चहाचं आधण.

"आई विचारते कधी येताय."

"बघू."

"बघू नाही. बाबा, मला सरळ सांगा. त्या घरात काय आहे?"

बाबांनी चहा गाळला, माझ्यासमोर कप ठेवला. मग आपण होऊन बोलायला लागले, पण भलतंच.

"आमच्यात एक फिटर होता. सारखा म्हणायचा, ही काय चालत नाही, दुसरीकडं बघा. आम्ही म्हणायचो, शुभ बोल नाऱ्या. तरी तो ऐकंना. मग आम्ही त्याच्यासोबत डबा खायचा सोडला. सगळ्यांनी. तो एकटा बसायचा नळाजवळ. नंतर गेला सोडून, डोंबिवलीला एमआयडीसीत. आता त्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे म्हणतात."

"मग बरोबर होता ना तो?"

"बरोबरच होता गो. पण आम्हाला वाटायचं, त्याच्याच तोंडानं बंद पडली."

वाक्य पूर्ण झालं आणि बाबा थबकले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तो शब्द निघाला होता, तोही घसरून. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. मीही पाहिलं. भिंतीवर पोपडे होते. बाहेर कुणीतरी टेम्पोत कपाट चढवत होतं आणि "धर रे, धर, साल्या पाय गेला असता माझा!" असं ओरडत होतं. बाकी काही झालं नाही.

"त्या दिवशी काय झालं?" मी विचारलं.

"काय व्हायचंय. दसऱ्याला करतो तशी मशीनची पूजा केली. हार घातला. नारळ वाढवला, भकलं वाटून घेतली. म्हटलं, येतो. एकमेकांना म्हटलं, येतो रे. आणि निघालो." कप त्यांनी हातातच फिरवत ठेवला. "बंद झाली असं कुणी कुणाला सांगितलंच नाही. येतो म्हटलेला माणूस यायचाच ना गो परत? त्यातले कितीतरी आता गेले. ते कुठं जातील? त्यांना तीच एक जागा ठाऊक. तू पान वाढलंस ना त्या दिवशी मला? माझ्या दोन्ही बाजूला बसलेले. त्यांच्या पुढ्यात पानं नव्हती."

माझ्या अंगावर काटा आला. मी शिकलेली आहे, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, आणि काटा आला. आईने सांगितलेले डब्यांचे आवाज मी त्यांना सांगितले नाहीत.

"मग सांगा त्यांना," मी म्हटलं.

"काय सांगू?"

"बंद पडली म्हणून. सरळ. जाऊन सांगा."

बाबा बघतच राहिले, मग खोकला येईपर्यंत हसले. "बी.ए. केलंस, एम.ए. केलंस, आणि बापाला सांगतेस भुतांशी बोल? फी वाया गेली माझी."

"फी मी शिकवण्या करून भरली. तुमची काही वाया गेली नाही."

"तोंड बघा हिचं," ते म्हणाले. "आईवर गेलीस."

त्या दिवशी ते आले नाहीत. मी आग्रहही केला नाही. त्यांना ओढून आणलं असतं तर ते सोफ्याच्या कडेवरच बसून राहिले असते, आयुष्यभर.

पुढच्या आठवड्यात मला कॉलेजला सुट्टी होती. सकाळी खालून वॉचमनचा फोन. कुणी काका आलेत, फ्लॅट नंबर सांगत नाहीत, नुसते उभे आहेत. मी खाली धावले. बाबा सोसायटीच्या कमानीच्या जरा अलीकडे उभे, जिथे कंपनीचं गेट होतं आणि आता झुडपांची रांग लावलीय. एका हातात वळकटी, दुसऱ्या हातात पत्र्याची पेटी. पेटी त्यांनी खाली ठेवली आणि चपला काढल्या. मी हाक मारणार तर दिसलं, त्यांचे ओठ हलतायत. मी जागीच थांबले. मग मागे वळले आणि क्लबहाऊसच्या काचेत स्वतःचे केस बघत बसले. ते काय बोलले, किती वेळ बोलले, कुणाकुणाची नावं घेतली, मला माहीत नाही. ऐकायचा हक्क माझा नव्हता.

ते आत आले तेव्हा वॉचमनने मोबाईल पुढे केला. "काका, एंट्री करायची. भेटायला आलात?"

"ऱ्हायला," बाबा म्हणाले.

मी पेटी घेतली. बाबांचा चेहरा कसा होता ते मला नीट सांगता येणार नाही. हलका नव्हता. कुणाच्या घरी वाईट बातमी सांगून आलेल्या माणसाचा असतो तसा होता. काम झालेलं, पण पाय जड.

लिफ्टमध्ये आमच्यासोबत एक तरुण होता, कानात हेडफोन, हातात हेल्मेट. वळकटी बघून त्याने एका कानातलं काढलं आणि चांगुलपणाने विचारलं, "अंकल, नए आए हो क्या?"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. "नहीं," ते म्हणाले. "हम पुराने हैं. नए आप हो."

तो हसला, "सही है अंकल," म्हणाला आणि मधल्या मजल्यावर उतरला. दार बंद झालं. हिंदीत एकटा माणूसही स्वतःला 'हम' म्हणतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. लिफ्टमध्ये आता आम्ही दोघंच होतो, मी आणि बाबा. तरी मी पेटी उचलून छातीशी धरली आणि कोपऱ्यात सरकून उभी राहिले, सगळ्यांना जागा व्हावी म्हणून.